हवेचा डबा

भगवंतरावांची पिकअप सतरा वर्षांची होती आणि त्या वयाला शोभेल असंच वागत होती. सपाटीवर खूप बोलायची, चढावर गप्प व्हायची. पण दसऱ्यानंतर ती सपाटीवरही बोलेना. चाळीस कॅरेट संत्रा भरून परतवाड्याच्या रस्त्याला लागली की मागे काळ्या धुराचा असा पट्टा सुटायचा की मोटरसायकलवाले तोंडाला रुमाल बांधूनच पुढे काढायचे. परवा तर एका सायकलवाल्याने पुढे काढली. जाताना त्याने सहानुभूतीने हातही हलवला.

भगवंतरावांनी परतवाड्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे सारा तालुका त्यांना सर म्हणायचा. निवृत्तीनंतर त्यांनी दोन गोष्टी हाती घेतल्या. एक संत्र्याची बाग आणि दुसरं व्याख्यान. बागेला कधी बहर यायचा, कधी नाही. व्याख्यानाला मात्र बाराही महिने मागणी. ‘नजर लागते म्हणजे नेमकं काय लागतं?’ असा विषय. सर स्टेजवर दारावरचं लिंबू-मिरची उतरवायचे, त्याच लिंबाचं सरबत करून सगळ्यांसमोर प्यायचे आणि मग विचारायचे, "झालं का काही मला?" आजवर एकशेबारा गावांत त्यांना काही झालं नव्हतं.

अशा माणसाने आपल्या पिकअपच्या हवेच्या डब्यात नजरेची पोटली ठेवली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सरांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. शेजारच्या बागेचे डोमाजी, जे गावच्या दूध संस्थेचे अध्यक्षही होते, माणूस अगदी सरळ. त्यांना फक्त कौतुक करायची खोड. श्रावणात ते म्हणाले, "सर, टायर काय झकास हायेत बाप्पा!" दुसऱ्या दिवशी टायर फुटला. पोळ्याच्या सुमाराला म्हणाले, "काच कशी चमकून राहिली!" त्याच आठवड्यात ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला आणि काच गेली. नवरात्रात त्यांनी दारावर थाप मारली, "अजून धा वर्सं काई होत नाई या गाडीले." संध्याकाळी एका मोकाट सांडाने तेच दार आत घातलं.

सर विज्ञानाचे. त्यांनी पाकिटाच्या मागे गणित मांडलं की तीन वेळा असा निव्वळ योगायोग होण्याची शक्यता किती. उत्तर फार लहान आलं, आणि तिथेच घोळ झाला.

परतवाड्यात सगळे ओळखीचे, म्हणून ते एसटीने अचलपूरला गेले. ऑक्टोबरच्या उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून बाजारातल्या एका दुकानापुढे उभे राहिले. दुकानदाराने विचारलं, "घरासाठी का गाडीसाठी?"

"मित्रासाठी," सर म्हणाले.

लाल फडक्यात सात बिब्बे, पाच सुक्या मिरच्या, मीठ आणि लोखंडाचा खिळा. मुठीएवढी पोटली, दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलेली. आता ठेवायची कुठे? काचेपुढे लटकवली तर अब्रू जाणार. सीटखाली ठेवली तर ड्रायव्हर बंडूच्या हाती लागणार. सरांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कडेला हवेच्या फिल्टरचा डबा होता. कोरडा, स्वच्छ, झाकण लागणारा. देवघरासारखा! त्यांनी पोटली आत सारली, क्लिपा लावल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्याच.

इंजिनाला श्वास लागतो, आणि तो त्याच डब्यातून. तो ओढता ओढता पोटली सरकली आणि जिथून हवा इंजिनात जाते त्या नळीच्या तोंडावर, बाटलीवर बूच बसावं तशी बसली. पण हे पुढे कळलं.

*

बुधाजीचं गॅरेज परतवाड्याच्या बसस्टँडसमोर. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आयटीआयचं सर्टिफिकेट, आणि समोर रस्त्यापलीकडे कौशल्याबाईंची चहाची टपरी. बुधाजी पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. आठवीत तो सरांच्या पहिल्या बाकावर बसायचा. इंजिनाशी मात्र तो बराच वेळ बोलायचा, म्हणजे कान लावून ऐकायचा.

त्याने एक्सलेटर दाबायला लावलं. मागून धूर निघाला.

"काया धूर हाये सर. डिझेल भरपूर जाऊन राहिलं, हवा पुरून नाई राहिली. पयले हवेचा डबा पाहू."

"तो मी कालच साफ केला," सर म्हणाले.

"तुमी सोता?"

"मंग काय डोमाजीनं केला?"

"तरी एकदा पाहून घेतो ना. दोन क्लिपा तं हायेत."

"अरे, साफ केला म्हटलं ना! त्याले हात लावू नको."

बुधाजीने क्लिपेवर ठेवलेला हात काढून घेतला. सर खोटं बोलतील हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. याच सरांनी त्याच्यासमोर पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घातला होता, आणि ज्योत विझल्यावर विचारलं होतं, सांगा बरं, काय कमी पडलं? हात बुधाजीनेच वर केला होता.

सरांनाही ते आठवलं. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली. एवढ्याशा पोटलीने काय होतंय? डबा केवढा, पोटली केवढी! आयुष्यभर पोरांना ‘करून पाहा’ सांगणारा माणूस त्या दिवशी एवढं सोडून बाकी सगळं करून पाहायला तयार झाला.

मग बुधाजीने डिझेलचा फिल्टर बदलला. धूर तसाच. नोझल काढून तपासून आणले, ते चांगले निघाले. दुसऱ्या दिवशी पंपाचं टायमिंग पाहिलं, टाकी काढून धुतली, सायलेन्सर खोलून त्यात काठी घातली. सर स्टुलावर बसून सगळं पाहत होते, मधूनमधून सूचनाही करत होते. "टाकीत पाणी असेल," ते म्हणाले. "वॉल्व्हही पाहून घे." बुधाजी पाहायचा. काहीच निघायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो हात पुसत समोर उभा राहिला. अचलपूरची एसटी नुकतीच लागली होती आणि टपरीवर तीस-चाळीस माणसं होती.

"सर, सारं बरोबर हाये. एकच जागा राहिली. तिथं तुमी मले जाऊ देऊन नाई राहिले."

"पुन्हा तेच?"

"राग नका येऊ देऊ. पन तुमी काईतरी लपवून राहिले."

तो हे हळूच म्हणाला होता. पण खरं बोलणं ज्याला लागतं त्याला ते मोठ्यानेच ऐकू येतं. सरांच्या तोंडून त्यांच्या नकळत, व्याख्यानाच्या आवाजात निघून गेलं, "मी लपवून राहिलो? तूच माह्या गाडीचा चांगला पंप काढला अन् जुना बसवला! तीन दिवस तेच करून राहिला तू!"

टपरीवरच्या बशा हवेतच थांबल्या. बुधाजीने बॉनेट खाली घेतलं, आपटलं नाही, आणि किल्ली सरांच्या हातावर ठेवली.

रागाने निघून जायला गाडीत दम लागतो. सरांनी दाणकन दार लावलं, गिअर टाकला, आणि पिकअप चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत, धूर सोडत, पायी चालणाऱ्याच्या वेगाने निघाली. वळणापर्यंत पोचायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात दोनदा परत येऊन माफी मागता आली असती.

*

रविवारी बैतूलच्या व्यापाऱ्याकडे माल न्यायचा होता. घाट लागला आणि पहिल्याच वळणावर पिकअपने मान टाकली. सर चाकाखाली दगड लावायला उतरले. तेवढ्यात बॉनेटकडून बंडूचा आवाज आला, "बाप्पा! बाप्पा! बाप्पा!"

सर धावले. डब्याचं झाकण उघडं होतं आणि बंडू चार हात लांब उभा होता. तोंडाने काही पुटपुटत होता.

"करनी, सर! कोनंतरी गाडीवर करनी केली! आत पाहा, लाल पोटली!"

खरं सांगून मोकळं व्हायला याहून चांगली जागा मिळाली नसती. घाट, एक बंडू आणि चार माकडं. सरांनी तोंड उघडलं. पण त्या तोंडाला एकशेबारा गावांची सवय होती.

"बंडू," ते म्हणाले, "करणी-बिरणी असं काहीही नसतं." आणि पोटली हाताने काढून दरीत भिरकावली.

बंडू त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने गाडी सुरू केली. पिकअपने घसा खाकरला, काळ्या धुराचा शेवटचा एक ढेकर दिला आणि तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली.

"पाह्यलं सर? करनी गेली अन् गाडी उडाली!"

हवा मोकळी झाली म्हणून गाडी उडाली, हे सरांना कळत होतं. पण ते सांगायचं तर हवा कोणी कोंडली तेही सांगावं लागलं असतं. बैतूलला पोचेपर्यंत आणि तिथून परत येईपर्यंत ते संत्र्याच्या भावाखेरीज एक शब्द बोलले नाहीत.

बंडूने मात्र गावात पोचल्यावर भरपाई केली. सरांनी नुसत्या हाताने करणी उचलली, ही बातमी दिवेलागणीपर्यंत मारुतीच्या पारावर गेली. एका आवृत्तीत पोटली दरीत पडताना किंचाळली होती. आणि करणी म्हटली की ती करणाराही लागतो. तीन दिवस बॉनेट कोणापुढे उघडं होतं? बुधाजीपुढे. त्याचं सरांशी भांडण झालं होतं का? झालं होतं, भर बसस्टँडवर. भांडण झालं त्याच दिवशी गाडी गॅरेजमधून निघाली होती, आणि दम तर तिचा त्याच्याही आधी गेला होता. पण तारखा पाहत बसायला गाव म्हणजे काही कोर्ट नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सर, ठरलं. संस्थेच्या दुधाच्या तिनही गाड्या बुधाजीकून काढून घेतो. उद्या मीटिंग हाये. तुमचा सत्कार बी ठेवला."

"अरे डोमाजी, करणी नसते."

"तुमच्यासाठी नसते सर. आमच्यासाठी असते. अन् समजा नसते, तरी पोटली टाकली तं त्यानंच ना?"

सर काही बोलले नाहीत. डोमाजींना ते मौन भारदस्त वाटलं. जाताना त्यांनी पिकअपकडे पाहिलं. "काय दम धरला हो गाडीनं!" म्हणाले. सरांची नजर पटकन टायरकडे गेली. आणि ती गेली याची त्यांना भीतीहून जास्त लाज वाटली.

सरांच्या पत्नी गोदाबाई आतून हे ऐकत होत्या. त्यांनी चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अचलपूरले कवा गेलते तुमी? दसरा झाल्यावर?"

"काहून?"

"दुपट्टा म्या धुतला. मिरचीचा ठसका बसला मले."

सरांनी कपात पाहिलं.

"म्या नजर उतरवली का व्याख्यान देता," गोदाबाई म्हणाल्या. "देत जा. पन त्या मान्साच्या घरची चूल त्या तीन गाड्याइवर पेटते. ते पाहा."

*

संस्थेच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती. टेबलावर शाल, नारळ आणि हार. डोमाजींनी दोन शब्दांऐवजी दोनशे शब्द सांगितले, सरांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांना उभं केलं.

सरांनी आधी पळवाट काढून पाहिली. "मंडळी, ती पोटली वगैरे काही नव्हती. उंदराने चिंध्या जमवून घरटं केलं असावं. जुन्या गाड्यांमध्ये असं होतं."

"सर," मागून बंडू उठला, "उंदीर फडक्याले गाठ मारते काय?"

खोली हसली. सर हसले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की आपण आता उंदरावरही आळ घेतला.

"मी ठेवली होती," ते म्हणाले.

मग डोमाजींनी टाळ्या वाजवल्या. "पाहा! याले म्हंतात मोठं मन! गरिबाची रोजी जाऊ नये म्हून सोतावर घेऊन राहिले!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने डोळे पुसले.

आयुष्यात पहिल्यांदा सरांना टाळ्या नकोशा झाल्या. आता पुरावा देणं भाग होतं. "सात बिब्बे," ते म्हणाले. "पाच मिरच्या. मीठ. एक खिळा. अचलपूरच्या बाजारातून आणली. गुरुवार होता. दुकानदाराला मित्रासाठी म्हणून सांगितलं. बुधाजी पहिल्याच दिवशी तो डबा उघडणार होता. त्याने उघडला असता तर पाच मिनिटांत दोष सापडला असता. मीच खोटं बोललो, की डबा साफ केला. त्याने पंप बदलला नाही. त्याने काहीच केलं नाही."

टाळ्या कशा थांबल्या ते कळलंही नाही.

"पन काहून सर?" डोमाजींनी विचारलं. "कोनाची नजर लागली होती तुमाले?"

हा प्रश्न येईल असं सरांना वाटलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं.

"तुमची."

"माही?" डोमाजींचा चेहरा असा उतरला की सरांना तो पाहवेना. "म्या तं कौतुक करत होतो, सर."

मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, अगदी मनापासून, विचारलं, "पन सर, पोटली ठेवल्यावर गाडीले काई अपघात झाला काय?"

"नाही," सर म्हणाले.

"मंग गुण आला म्हना!" चारपाच माना हलल्या. एकाने दुकानाचा पत्ता विचारला. एकशेबारा गावांची मेहनत गेली ती त्या एका मिनिटात, आणि ती घालवणारा स्वतः हार घालून उभा होता.

गाड्या बुधाजीकडेच ठेवायचं ठरलं. शालीची घडी डोमाजींनी मोडलीच नव्हती, ती तशीच कपाटात गेली.

*

सर सकाळी गॅरेजात गेले तेव्हा बुधाजी एका जीपखाली होता. बाहेर फक्त गुडघ्यापासून पुढचे पाय दिसत होते. माफी मागायला माणसाला चेहरा तरी हवा. सरांनी ती पायांनाच मागितली. पोटली, दुपट्टा, मित्र, घाट, संस्था, सगळं ओळीने सांगितलं. पाय हलले नाहीत. पान्याचा आवाज तेवढा चालू होता.

"चुकलं माझं, बुधाजी."

"चौदाचा पाना द्या सर. डाव्या हाताले पडला हाये."

सरांनी शोधून दिला. एक काळा हात बाहेर आला, पाना घेऊन आत गेला.

"पोटलीचं मले काई वाटलं नाई," जीपखालून आवाज आला. "ज्याची त्याची भीती. पन म्या तुमचं खरं मानलं, सर. हात काढून घेतला. त्याचं वाटलं." पाना दोनदा फिरला. "संस्थेत किती मान्सं होते?"

"पंधरा. वीस असतील."

"पंपाचं बोलले तवा अचलपूरची एसटी लागली होती."

सर थोडा वेळ उभे राहिले. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. मग ते रस्ता ओलांडून टपरीवर गेले.

"च्या देऊ, सर?" कौशल्याबाईंनी विचारलं. आवाजात त्या दिवसापासूनचा थंडपणा होता.

"नंतर. अचलपूरची गाडी किती वाजता येते?"

"येईनच आता."

सर बाकावर बसले नाहीत. गाडी आली, माणसं उतरली, निम्मी टपरीकडे वळली. त्यात त्या दिवशीचं कोण होतं, कोण नव्हतं, देव जाणे. सरांनी घसा साफ केला. व्याख्यानाचा आवाज शोधला तर तो सापडेना. जो निघाला तो शेतातल्या घरातला, लहानपणचा आवाज होता.

"थांबा हो जरा. मले बोलाचं हाये."

लोक थांबले. कोणी औषधवाला असेल असं वाटून दोघे पुढे निघून गेले.

"या समोरच्या गॅरेजवाल्यावर म्या चोरीचा आळ घेतला होता. याच जागेवर. माह्या गाडीचा पंप यानं बदलला म्हून. ते खोटं होतं. मले मालूम होतं का खोटं हाये, तरी म्या बोललो."

"काहून बोलले मंग?" पिशवी घेतलेल्या एका बाईने विचारलं.

सरांनी सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून, बिब्ब्यांसकट. लोक हसले. मोकळं हसले, पोट धरून. सर मधे थांबायचे, हसणं ओसरू द्यायचे आणि पुढे सांगायचे. रस्त्यापलीकडे जीपखालचा पान्याचा आवाज थांबला होता.

"अन् पंप कसा हाये मंग त्या गाडीचा?" कोणीतरी विचारलं.

"चांगला हाये," सर म्हणाले. "त्यानं हात लावला तवा बी चांगला होता, अन् आता बी चांगला हाये."

मग पलीकडे पाना पुन्हा सुरू झाला.